पाहुणा कुत्रा, घरची मांजरं आणि पिसवा-जंतांची देवाणघेवाण

सांजवात
मंडळी, सल्ला हवाय. पुढच्या महिन्यात नणंदबाई कुत्र्यासकट आमच्याकडे मुक्कामाला येतायत. त्यांच्या घराचं काम निघालंय, म्हणजे आठवड्याचं सांगून मुक्काम लांबणार हे धरूनच चाललेय. कुत्रा स्वभावाने गरीब आहे, पण अंगभर केस आणि मातीत लोळायची भारी हौस. आमची मांजरं दोन. थोरली मनी, वय झालंय, किडनी जरा नाजूक. धाकटा गण्या, अंगात वारं भरलेला. दोघंही उंबऱ्याबाहेर पाय टाकत नाहीत, त्यामुळे पिसवांचं औषध लावायची वेळ कधी आली नाही. जंतांचं देतो अधूनमधून.

तर विचारायचं असं, की कुत्र्याकडून मांजरांकडे नक्की काय काय येऊ शकतं? वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलं तर भागेल का? आणि सगळ्यात अवघड म्हणजे "तुमच्या कुत्र्याला पिसवा आहेत का हो?" हे नणंदेला कुठल्या तोंडाने विचारायचं?

ढेरपोट्या
तिसऱ्या प्रश्नावर औषध सापडलं तर मलाही कळवा. बाकी चालू द्या, इथेच बसलोय.

काळा_बोका
उगाच बाऊ करताय. कुत्र्याच्या पिसवा कुत्र्यापाशी, मांजराच्या मांजरापाशी. आमच्याकडे दोन्ही प्राणी आहेत, कुणाचं काही अडलेलं नाही. घरात बसलेल्या मांजरांच्या अंगाला ते केमिकल कशाला फासायचं?

रानवेडी
@काळा_बोका, साफ असहमत. कुत्र्यांच्या अंगावर सापडणारी पिसू बहुतेक वेळा 'मांजरपिसू'च असते. शास्त्रीय नावातच फेलिस आहे, टेनोसेफॅलाइडिस फेलिस. तिला कुत्रा, मांजर, ससा काहीही चालतं, आणि फारच भूक लागली तर तुमची पोटरीसुद्धा.

सांजवात, कुत्रा दारात आला की आत घ्यायच्या आधी एक करा. बारीक दातांची पिसवांची फणी घ्या आणि शेपटीच्या बुडाशी, कंबरेवर, कानांमागे फिरवा. फणीत जो काळा भुगा येईल तो ओल्या पांढऱ्या कागदावर झटका. माती असेल तर तशीच काळी बसून राहते. पिसवांची विष्ठा असेल तर मिनिटभरात कडेने लालसर तपकिरी ओघळ सुटतो, कारण ते पचलेलं रक्तच असतं. पिसू डोळ्यांना दिसली नाही तरी हा ओघळ चुगली करतो. फणीत जिवंत सापडलीच तर साबणाच्या पाण्यात बुडवा. नखांनी चिरडत बसू नका, निसटते आणि उडी मारते.

मुंगूस
ओल्या कागदाची युक्ती झकास आहे. आमच्या मांजरीचा 'कोंडा' आत्ताच तपासला. कोंडाच निघाला, हुश्श.

सांजवात
धन्यवाद रानवेडी. म्हणजे कुत्र्याला आधी औषध लावून आणलं की झालं ना?

स्टेथोस्कोप
पेशाने पशुवैद्य आहे म्हणून जरा लांब लिहितो. सगळेच परजीवी इकडून तिकडे जात नाहीत, काळा_बोका यांचं अगदीच चूक नाही. उवा ज्याच्या त्याच्या ठरलेल्या. कुत्र्याची ऊ मांजरावर टिकत नाही. टॉक्सोकारा जातीच्या गोल जंतांतही कुत्र्याचा वेगळा, मांजराचा वेगळा. कॉक्सिडिया म्हणून पिल्लांना जुलाब लावणारे सूक्ष्मजीव असतात, त्यांचंही तसंच.

पण पिसवांच्या बाबतीत असली वाटणी नाही. आणि पिसू आली की तिच्या पोटातून चपटा जंत येतो, डायपिलिडियम. मांजर अंग चाटताना पिसू गिळते आणि तिच्या आतली अळी मांजराच्या आतड्यात वाढून जंत होते. कुत्र्याच्या शीतून हा जंत मांजराला थेट लागत नाही, मध्ये पिसू लागतेच. गुदाभोवती किंवा प्राणी बसतो त्या चादरीवर तांदळाच्या कण्यांसारखे तुकडे दिसले, ओले असताना वळवळणारे, तर तो हाच. यावर प्राझिक्वांटेल चालतं. नुसतं फेनबेंडाझोल देऊन 'जंतांचं झालं' म्हणणारे बरेच भेटतात. त्याने या जंताला काही होत नाही. शिवाय जंतांच्या गोळीचा असर पुढे टिकत नाही, त्या दिवशी पोटात असतात तेवढे मरतात. पिसवा राहिल्या तर तीनेक आठवड्यांत तुकडे परत दिसायला लागतात आणि लोक गोळीला नावं ठेवतात.

तिसरी गोष्ट कानातली माइट, म्हणजे अगदी बारीक किडा, ओटोडेक्टिस. ही मांजरांत जास्त, पण कुत्र्यालाही होते आणि अंगाला अंग लागून झपाट्याने पसरते. कानात काळपट, दाणेदार मळ आणि सारखं डोकं झटकणं, ही खूण. इथे संसर्ग मांजराकडून कुत्र्याकडे व्हायची शक्यता तितकीच आहे, हे नणंदबाईंशी बोलताना लक्षात असू द्या.

अंकुशकृमी म्हणजे आतड्याला चिकटून रक्त पिणारे जंत, त्यांच्या काही जाती दोघांनाही चालतात. त्यांच्या अळ्या ओल्या मातीत असतात आणि कातडीतूनही आत शिरतात. जिआर्डिया हा जुलाब लावणारा आतड्यातला सूक्ष्मजीव, त्याचे काही प्रकार दोघांत सामाईक, काही नाहीत. कुत्र्याला पातळ, चिकट, घाण वासाची शी होत असेल तर यायच्या आधी तपासून घ्या. जिआर्डिया बाहेर पडल्या क्षणापासून लागण करू शकतो, त्यामुळे पाण्याची भांडी वेगळी.

हृदयातले जंत डासांमार्फत पसरतात, शेजारी बसून नाही. गजकर्ण ही बुरशी आहे, परजीवी नाही. पण तीही दोघांत पसरते आणि माणसालाही होते, म्हणून केस गेलेला गोल चट्टा दिसला तर दुर्लक्ष नको.

आता "कुत्र्याला औषध लावलं की झालं ना?" याचं उत्तर. नाही. घरातल्या प्रत्येक केसाळ प्राण्याला एकाच काळात औषध हवं. दोन मांजरं विनाऔषध राहिली तर पिसवांची जेवायची सोय झालीच.

तिखटमीठ
वरच्या प्रतिसादाला +१. आणि यापुढचं सगळ्यांनी नीट वाचा.

कुत्र्याचं औषध मांजराला लावायचं नाही. थोडंसंही नाही, 'वजनाच्या हिशोबाने चौथा भाग'ही नाही. कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या कित्येक थेंबांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराच्या यकृताला त्याचा निचरा करता येत नाही. आमच्या इमारतीतल्या एका काकूंनी कुत्र्याच्या पिपेटमधले उरलेले थेंब मांजरीला लावले. तासाभरात मांजरीचे कान फडफडायला लागले, मग तोंडाचे स्नायू, मग सगळं अंग थडथड उडतंय आणि डोळे टक्क उघडे. कोमट पाण्याने भांडी धुवायच्या साबणाने धुऊन तिला दवाखान्यात नेलं, झटके थांबवायला औषधं, सलाइन, सगळं झालं. वाचली. सगळी वाचत नाहीत.

इथे आणखी एक मेख आहे. मांजराला लावलंच नाही, फक्त कुत्र्याला लावलं, पण गण्या त्याच्या पाठीवर जाऊन झोपला किंवा त्याला चाटायला लागला, तरी तेच.

सांजवात
बाप रे. हे मला अजिबात माहीत नव्हतं. गण्या हमखास जाऊन चिकटणार आहे. तो कुणालाही चिकटतो.

स्टेथोस्कोप
मग परमेथ्रिनवालं औषध त्या कुत्र्याला नकोच. लावून झालं असेल तर किमान ७२ तास मांजरं आणि कुत्रा वेगळे, आणि त्याचं अंथरूणही वेगळं. पण मुक्काम मोठा असेल तर मधे पुढचा डोस येणार, दर वेळी कुठे वेगळं ठेवत बसणार? त्यापेक्षा कुत्र्याला खायची गोळी बरी, फ्लुरालानर किंवा अफॉक्सोलानर गटातली. अंगावर काही राहत नाही, मांजराने चाटलं तरी धोका नाही, आणि काही तासांत पिसवा मरायला लागतात. कुत्र्याला फिट्स येत असतील तर मात्र या गटाबद्दल त्याच्या डॉक्टरशी बोलल्याशिवाय नको. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१८ साली तसा इशाराच दिलाय.

मांजरांसाठी मांजरांचंच. सेलामेक्टिनचे थेंब पिसवा, कानातली माइट, गोल जंत आणि अंकुशकृमी या सगळ्यांवर चालतात, चपट्या जंतावर नाही. मनीची किडनी नाजूक आहे म्हणताय, तर तिला आधी तपासून, वजन करून मगच. थेंब कवटीच्या खाली मानेवर, केस बाजूला करून थेट कातडीवर, जिथे तिची जीभ पोचत नाही तिथे. लावायच्या आधी-नंतर दोन दिवस आंघोळ नको.

चष्मिष्ट
एवढी रसायनं वाचूनच घाम फुटला. टी-ट्री तेलाचे दोन थेंब पट्ट्यावर टाकले की पिसवा फिरकत नाहीत असं वाचलंय. जेवणात चिमूटभर लसूणही देतात म्हणे.

तिखटमीठ
टी-ट्री तेल मांजरांना विषारी. लसूण मांजर आणि कुत्रा दोघांच्याही रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, मांजराच्या जास्त. नैसर्गिक तर सापाचं विषही असतं हो.

चष्मिष्ट
बरं बाई, राहिलं. ते आवाजाचं यंत्र? प्लगला लावायचं, माणसाला ऐकू न येणारं?

रानवेडी
पिसवांनाही येत नसावं. आमच्याकडच्या यंत्राखालीच मांजर बसायचं, खाजवत.

पाचवा_कोपरा
औषधांचं बोलून झालं असेल तर जमिनीकडे या. सगळे प्राण्याकडे बघतात, खरा साठा जमिनीवर असतो. अंगावर दिसणाऱ्या मोठ्या पिसवा घरातल्या एकूण पिसू-लोकसंख्येच्या साधारण ५ टक्के. बाकी अंडी, अळ्या, कोष. रक्त प्यायल्यावर एकदोन दिवसांत मादी अंडी घालायला लागते, भरात आली की दिवसाला ४०-५०. ही अंडी चिकट नसतात, केसांवरून घरंगळतात. म्हणजे कुत्रा जिथे झोपतो, अंग झटकतो, तिथे पेरणी. अळीला उजेड आवडत नाही, ती गालिच्याच्या मुळाशी, सोफ्याच्या गादीखाली, फरशीच्या फटीत जाते आणि कोष करते. कोषाला धूळ चिकटते, दिसतही नाही. आत ती महिनोन्‌महिने थांबू शकते. हादरा, ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की बाहेर.

आम्ही बराच काळ बंद असलेलं एक घर भाड्याने घेतलं होतं. आधीच्या भाडेकरूंकडे कुत्रा होता. पहिल्या दिवशी पांढरे मोजे घालून हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत गेलो आणि खाली बघितलं तर घोट्यापर्यंत काळे ठिपके, वर चढणारे. घरात प्राणी नव्हता, माणूस नव्हता, तरी ही वाट बघत होती.

तेव्हा सांजवात, मुक्कामभर एक दिवसाआड व्हॅक्यूम. त्याच्या हादऱ्याने कोषातल्या लवकर बाहेर येतात, तेही बरंच, औषध लावलेल्या अंगावर जाऊन मरतात. पिशवी लगेच घराबाहेर टाका. अंथरुणं ६० अंशांच्या पाण्यात धुवा.

ढेरपोट्या
मोज्यांचा किस्सा वाचून पाय वर घेऊन बसलोय. आता हळूहळू मान खाजतेय.

मुंगूस
पूर्ण धागा खाजत खाजत वाचला. कुणीतरी दुसऱ्या विषयावर बोला.

लिंबोणी
मी बोलते. आमच्या घरी आलेल्या कुत्र्याने सगळ्यात आधी काय केलं असेल तर मांजराच्या लिटर बॉक्सवर, म्हणजे शी-शूच्या पेटीवर, ताव मारला. पाहुण्यांसमोर. वर येऊन पाहुण्यांचं तोंड चाटलं.

मुंगूस
हा विषय अपेक्षित नव्हता.

रानवेडी
पण मुद्द्याचा आहे! लिटर बॉक्स कुत्र्याला न पोचेल अशा जागी हवा. दाराला साखळी लावून फक्त मांजर जाईल एवढी फट ठेवा, किंवा मांजर उडी मारून जाईल अशा उंचीवर. मनीचं वय झालंय, तेव्हा तिला उडी नको, फटवालं बरं.

लिंबोणी
एक खरीखुरी शंका. मला पाचवा महिना आहे, घरात मांजर आहे आणि आता दिराचा कुत्रा येतोय. टॉक्सोप्लाझ्माचं ऐकून आहे, तो मांजराच्या शीतून लागणारा आणि पोटातल्या बाळाला अपाय करू शकणारा सूक्ष्मजीव.

स्टेथोस्कोप
टॉक्सोप्लाझ्माची अंडी मांजराच्याच शीतून बाहेर पडतात, कुत्र्यात ती तयार होत नाहीत. पण कुत्र्याने मांजराची शी खाल्ली किंवा तीत लोळला, तर त्याच्या तोंडावर-केसांवर ती येऊ शकतात, म्हणून तोंड चाटू देणं बंद. ही अंडी बाहेर पडल्यावर संसर्ग करण्याजोगी व्हायला १ ते ५ दिवस घेतात, म्हणून लिटर रोज साफ व्हायलाच हवा, आणि तो तुम्ही नाही, घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करायचा. मांजराला कच्चं मांस नको. मांजर घरातून काढून टाका असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगून ठेवा.

लिंबोणी
नवऱ्याला वरचा प्रतिसाद वाचून दाखवला. लिटरचं खातं आजपासून त्याच्याकडे.

काळा_बोका
बरं, पिसवांचं मान्य. आमच्याकडे कुत्र्याला गोळी चालू असते, म्हणूनच काही झालं नसेल. पण गोचिडींचं काय? त्याबद्दल कुणीच बोललं नाही.

पाचवा_कोपरा
तपकिरी कुत्रागोचीड घरातच सगळं आयुष्य काढू शकते. रक्त पिऊन टम्म झालेली मादी कुत्र्यावरून उतरते, भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीमागे जाते आणि हजारोंनी अंडी घालते. मांजरावर ती कमी जाते, पण जातच नाही असं नाही. कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्या आणि कानाची आतली घडी रोज बघा. काढताना चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. तेल, रॉकेल, काडी पेटवून चटका, हे काही करू नका.

स्टेथोस्कोप
बरोबर. गोचिडींसाठी कुत्र्याला अमिट्राझने धुतात, तेही मांजरांच्या घरात नको. आणि फरशी पुसायला फिनाईल वापरत असाल तर या काळात तरी बंद करा. मांजर पाय चाटतं, फिनॉल त्याला सोसत नाही.

सांजवात
मंडळी, ताजी खबर. ताईंशी बोलले. रानवेडींच्या व्यक्तिगत निरोपातली युक्ती वापरली. "मनी-गण्याला डॉक्टरकडे नेतेय, कानातली माइट आमच्याकडून तुमच्या लाडक्याला लागायला नको, त्याचं सगळं कधी झालंय तेवढं सांगा, तारखा जुळवून घेऊ." ताई एकदम खूश, माझ्या कुत्र्याची एवढी काळजी! म्हणाल्या, त्याला पिसवांचा पट्टा असतोच कायम, काळजी नको. मी पट्ट्याच्या डबीचा फोटो मागवला. त्यावर डेल्टामेथ्रिन लिहिलंय. हे कुठल्या गटातलं?

स्टेथोस्कोप
परमेथ्रिनच्याच घराण्यातलं. डबीच्या मागे मांजरांना वापरू नये असं असेल, बघा. गण्या गळ्यात पडणार असेल तर हा पट्टा नको. इमिडाक्लोप्रिड आणि फ्लुमेथ्रिन असलेले पट्टे मांजरांसाठी वेगळे मिळतात, पण तुमच्याकडे गोळी हाच सोपा मार्ग. पट्टा काढल्यावर कुत्र्याला एकदा आंघोळ, मग गोळी. हे येण्याच्या आठवडाभर आधी होऊ दे. त्याच सुमाराला प्राझिक्वांटेल असलेली जंतांची गोळी आणि शीची तपासणी. तपासणीत काही नाही आलं तरी जंतांची गोळी द्याच, अंडी रोज पडतात असं नाही.

सांजवात
आणि पाहुणे गेले की मांजरांची औषधं थांबवायची ना?

पाचवा_कोपरा
नाही! मोजे आठवा.

स्टेथोस्कोप
कुत्रा गेल्यावर निदान तीन महिने मांजरांना चालू ठेवा. मागे राहिलेल्या कोषांतल्या पिसवा त्या काळात टप्प्याटप्प्याने निघतात. मधेच दोनचार दिसल्या तर औषध लागू पडलं नाही असं समजू नका आणि लगेच दुसरं वरून लावू नका.

सांजवात
ठीक. मनीची रक्ततपासणी शनिवारी, ताईंचा पट्टा रविवारी उतरतोय. म्हणजे कुत्र्याचा.

ढेरपोट्या
खुलासा केलात ते बरं केलंत.

काळा_बोका
स्टेथोस्कोप, जाता जाता. आमच्या मांजराला थेंब सुरू करायचे म्हटलं तर कुठल्या वजनाची पिपेट घेऊ?

स्टेथोस्कोप
वजन किती आहे?

काळा_बोका
काट्यावर उभा राहत नाही. अंगावर घेऊन माझं वजन करतो आणि वजा करतो, पण मग माझं वजन इथे कळेल.